दाढ

संध्याकाळी साडेसहाला आरवलीच्या बाजारातून
मथुराबाय तांडेल रिक्षात बसली.
रिकामी पाटी पायांशी, डावा जबडा तळहातात.
"दाढ ठणाकता रे दुपारपासून.
सावंतवाडीक चल,
तो दातवालो आठापर्यंत असता."

माझ्या रिक्षाला मीटर नाही.
भाडं तोंडी ठरतं.
दुखणंही लोक तोंडीच सांगतात, मागच्या सीटवरून,
आणि कुठे न्यायचं तेही ठरवून बसलेले असतात.
मनगट लचकलं की तळवड्याचा हाडवैद्य.
तो तेलाचा हात फिरवतो, डोळे मिटून चाचपतो,
आणि मोडलं असलं तर म्हणतो, "ह्या माझा काम न्हय. फोटो काढा."
मला त्याचा मान आहे तो त्या एका वाक्यासाठी.
एकदा डोळे हळद झालेल्या पोराला
न्हावेलीच्या पाल्याच्या औषधाला नेलं
आणि तिथूनच रक्त तपासायला.
आईने दोन्हीकडे पैसे दिले,
मला एकाच फेरीचे.

मी विचारत नसे.
ज्याचा जीव, त्याचा पत्ता.

मग पेद्रू फर्नांडिस.
छातीवर हात, आणि फोनवर मस्कतहून मुलगा:
"सरकारीत नको, अंकल. मोठ्यात न्या, पैशांचं बघू नका."
शिरोड्याचं सरकारी हॉस्पिटल डाव्या हाताला आलं,
त्याचा पिवळा दिवा मी बघितला,
आणि गिअर बदलला.
मोठं हॉस्पिटल अजून पाऊण तास लांब होतं.
मळेवाडच्या चढावर पेद्रू म्हणाला, "जरा थांबव."
मी थांबवली.
एवढंच.
त्याची बायको अजून माझ्याच रिक्षाने चर्चला जाते.
सुट्टे पैसे मोजून देते. काही म्हणत नाही.

तर मथुराबाय.
आरशात बघितलं.
थंडी पडायला लागलेली, मी स्वेटरात,
आणि तिच्या कपाळावर घाम,
बर्फातून काढलेल्या सुरमईवर असतो तसा.
"मथुराबाय, हात पण दुखता काय?"
"पाटी उचलून उचलून दुखतलोच मरे.
तू फुडे बघ."

शिरोड्याचा तिठा.
सावंतवाडी सरळ. आत वळलं की तो पिवळा दिवा.
मला डॉक्टरी येत नाही.
येतो फक्त रस्ता.
मी आत वळलो.

तिने मला शिव्या घातल्या.
माझ्या आजोबापर्यंत पोचली.
"दाढेक हय कोण बसलाहा? मेल्या, माझा भाडा फुकट घालवतलंस!"
ड्यूटीवर एक पोरगेलीशी डॉक्टरीण होती,
डब्यातला भात अर्धा राहिलेला.
तिने दाढ विचारली नाही,
वायरी लावल्या.
कागद सरसरत बाहेर आला, तिने तो उजेडात धरला,
आणि भाताच्या डब्यावर झाकण ठेवलं.

चार गोळ्या चावायला, एक सुई,
आणि वीस मिनिटांत एकशेआठची गाडी,
तिथून थेट बांबुळी.
मोठं हॉस्पिटल लागलंच होतं की,
पण दुसऱ्या नंबरावर.
हे पेद्रूला सांगायचं राहून गेलं.
मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी मथुराबाय बाजारात,
छातीत स्प्रिंग, पाटीत बांगडे.
मला बघून हाक मारली.
वाटलं, आता दोन शब्द गोड बोलेल.
"चल रे, सावंतवाडीक."
"कित्याक?"
"दाढ," म्हणाली. "ती पण दुखत होतीच. मी खोटा सांगूक नाय."

भाड्यावरून दहा मिनिटं वाद. तीस रुपये कमी केले.
मळेवाडचा चढ आला, माझा हात आपोआप सैल पडला.
"हळू कित्याक रे? दवाखानो बंद होतलो."
"रस्तो खराब आसा," म्हटलं.
रस्ता नवा होता.
गेल्याच महिन्यात केलेला.